मुठीत मावणारा डौल : बटव्यापासून क्लचपर्यंत

लग्नसराई जवळ आली की नागपूरच्या गांधीबागेतील ठोक कापडबाजार गजबजतो. शालू ठरतो, ब्लाऊजचे कापड ठरते आणि शेवटी प्रश्न उरतो तो पर्सचा. रोजची खांद्यावरची बॅग भरजरी वस्त्रावर शोभत नाही आणि साडीला खिसा नसतो. ही अडचण सोडवते ती क्लच, म्हणजे मुठीत धरायची छोटी, नाजूक पर्स.

बटव्याचे नाते

ही कल्पना आपल्याला नवी नाही. सुपारी, लवंगा आणि सुटे पैसे ठेवण्याचा कापडी बटवा कमरेला खोचण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. दोन बाजूंचे गोफ ओढले की त्याचे तोंड मिटते. शेजारच्या भोपाळचे मणीकाम आणि जरदोसीचे बटवे आजही प्रसिद्ध आहेत. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांचे पोशाख तलम व सडपातळ झाले. आतले खिसे त्यात लपेनात, तेव्हा 'रेटिक्यूल' ही हातातली थैली रूढ झाली. 1930च्या दशकात पॅरिसच्या व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या जवाहिऱ्यांनी लिपस्टिक, पावडर यांसाठी कप्पे असलेली धातूची 'मिनोदिएर' पेटी आणली.

सौंदर्य वर, आयुष्य आत

क्लचचे रूप वरच्या कापडात दिसते; तिचे आयुष्य मात्र आतल्या सांगाड्यावर ठरते. पेटीसारख्या प्रकारात कडक पुठ्ठा किंवा धातूची चौकट, त्यावर फोमचा पातळ थर, मग कापड आणि आत अस्तर असते. मऊ प्रकारात कापडाला बकरम लावून ताठपणा आणतात. खटका सैल असेल किंवा कोपऱ्यावर कापडाला सुरकुती असेल, तर महागडी जरीही ती पर्स वाचवू शकत नाही.

विदर्भाचा काठ

विदर्भाच्या करवतकाठी साडीचा करवतीच्या दात्यांसारखा काठ हातमागावर विणला जातो. असा अरुंद, ठसठशीत काठ क्लचच्या झाकणावर उठून दिसतो. जुन्या रेशमी साडीचे अंग विरले तरी काठ पुष्कळदा शाबूत राहतो. विणकराच्या त्या मेहनतीला पर्सच्या रूपाने दुसरे आयुष्य मिळते. धडधाकट साडी मात्र त्यासाठी कापू नये.

निवड आणि निगा

* आजचे बरेच मोबाइल सुमारे 16 सेंटिमीटर लांब असतात. त्यामुळे आतली लांबी मोबाइल ठेवूनच पाहावी.
* साखळी आत दुमडता येणारी असावी. जेवणाच्या वेळी दोन्ही हात मोकळे राहतात.
* साडी भरजरी असेल तर क्लच साधी, साडी साधी असेल तर क्लच नक्षीदार निवडावी.
* जरीवर अत्तर फवारू नये. मलमलीत गुंडाळून, आत कागद भरून ठेवल्यास आकार टिकतो.

किल्ली, रुमाल, थोडे पैसे आणि मोबाइल. याहून अधिक तिच्यात कोंबू नये. खटका निसटतो तो बहुधा त्या हव्यासापायीच.