केडगावचा पश्चात्ताप

बाप्तिस्मा झाला की माणूस पालटला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला; परंतु पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले, की धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त गवसला तो आठ वर्षांनी! एवढ्या मोठ्या विदुषीने हे कबूल करावे, याचे मला नवल वाटते.

केडगावी त्यांच्या मुक्तिसदनात १९०५ साली मोठी धर्मजागृती झाली. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली रडरडून आपले अपराध देवापुढे बोलू लागल्या. बाहेर बोलबाला झाला तो या रडण्याचा. पण मला विचाराल तर खरी गोष्ट पुढेच आहे. डोळे पुसून त्या पुन्हा शेतात, मागावर, छापखान्यात कामाला लागल्या. बाई स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत उतरवीत होत्या. अडाणी बाईलाही ते कळावे, हा त्यांचा हट्ट. देव घरात यायचा, तर त्याचे बोलणे चुलीपाशी समजायला नको का? १९२२ च्या एप्रिलात त्या वारल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. त्याचे खिळे जुळविले ते मुक्तीतल्या बायकांनीच.