ताम्हिणीचे पाणी व यंत्राचे टेबल : दाब आणि नियंत्रण

ताम्हिणी घाटातून कोकणात उतरले म्हणजे पायथ्याच्या परिसरात भिरा येथील वीजकेंद्र लागते. मुळशी धरणाचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून तेथे १९२७ पासून वीज निर्माण करण्यात आली. एवढ्या जलस्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० किलोग्रॅम भरतो. धातूचा पृष्ठभाग घासून अचूक करणाऱ्या शाणयंत्राचे टेबल मागेपुढे सरकविणाऱ्या तेलाचा दाब बहुधा याहून बराच कमी असतो. मग हे काम पाण्याकडे का राहिले नाही?

ब्रामाने १७९५ मध्ये जलदाबयंत्राचे एकस्व मिळविले; एकोणिसाव्या शतकात आर्मस्ट्राँगच्या योजनेने गोद्यांतील याऱ्या पाण्याच्या दाबावर चालू लागल्या. परंतु पाण्याने लोखंड गंजते व त्याच्या ठायी वंगणाचा गुण नाही. जॅनी व विल्यम्स यांनी १९०५ च्या सुमारास प्रवाह हवा तसा बदलणारी तेलचालित यंत्रणा सिद्ध केली. पुढे १९२० नंतरच्या दशकात तेल शाणयंत्राच्या टेबलापर्यंत पोचले.

दंतपट्टीने वा स्क्रूने हालणाऱ्या टेबलास दिशा पालटताना धक्का बसे, व त्याची खूण पृष्ठभागावर उमटे. नव्या रचनेत टेबलाचा ठोकळा धावेच्या अखेरीस तरफ ढकलतो. तरफ झडप हलविते, आणि तेल सिलिंडरच्या दुसऱ्या टोकास वळते. दट्ट्याचा दांडा दोन्ही बाजूंस असल्यास दोन्ही धावांचा वेग समान राहतो. शाणयंत्रास हेच हवे. दांडा एकाच बाजूस असल्यास तिकडील क्षेत्रफळ घटून परतीची धाव जलद होते. प्लेनर यंत्रास ते सोयीचे. तात्पर्य, दाबापेक्षा नियंत्रण महत्त्वाचे. पेल्टन चक्रावरील झोत नियंत्रित करणारी सुईदेखील सामान्यतः तेलाच्या दाबानेच सरकविली जाते.

मुळशीत मात्र नियंत्रणाचा प्रश्न यंत्रापुरता नव्हता. पूर्ववाहिनी मुळेचे पाणी पश्चिमेस वळवावयाचे, आणि वीज मुंबईच्या गिरण्यांस द्यावयाची, अशी टाटा कंपनीची योजना होती. जमिनी बुडणार म्हणून मुळशीकरांनी १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांच्या नेतृत्वामुळे प्रसिद्धी पावलेला हा लढा १९२४ पर्यंत चालला, धरण झालेच. तंत्रविद्येच्या अभ्यासकाने दाबाचे आकडे अवश्य नोंदवावेत. त्याबरोबरच झडप कोणाच्या हाती होती, हेही नोंदवावे.