तुरुंगाच्या जमाखर्चात न दिसणारा झाडू

तुरुंगातील कामाचा विषय निघाला की सतरंज्या, लाकडी फर्निचर, येरवड्याचा छापखाना आणि दिवाळीत भरणारे कैद्यांच्या वस्तूंचे प्रदर्शन यांचेच कौतुक होते. कारखान्यातून किती माल विकला गेला हे छापून येते. पण त्याच तुरुंगातला संडास कोणी धुतला, आणि त्याला धुवायला कोणी व का लावले, हा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला कैद्यांना बेड्या घालून रस्त्यांच्या कामावर जुंपत. मेकॉलेच्या सूचनेवरून नेमलेल्या समितीने १८३८च्या अहवालात ही पद्धत बंद करायला सांगितली. तिला भिंतीआडचे, कंटाळवाणे, जरब बसवणारे काम हवे होते. पैसा मिळवणे हा तिचा हेतू नव्हता. पुढे बंगालच्या तुरुंगांचा महानिरीक्षक झालेल्या डॉ. फ्रेडरिक मौट याने नेमके उलटे धोरण धरले. कैद्याला कसब शिकवा आणि त्याच्या श्रमातून तुरुंगाचा खर्च भागवा, असा त्याचा आग्रह. अलीपूरच्या तुरुंगात तागाचे काम आणि छपाई जोरात चालली. मग खाजगी व्यापारी ओरडू लागले की बिनमजुरीच्या कामगारांशी आम्ही स्पर्धा कशी करायची? तुरुंगाचा माल मुख्यतः सरकारी खात्यांनी घ्यावा, हा त्यावरचा तोडगा. या सगळ्या वादात कैद्याला मजुरी द्या, असे म्हणणारा आवाज जवळजवळ नव्हताच.

पण तुरुंग चालवायचा म्हणजे फक्त कारखाना चालवायचा नसतो. रोज स्वयंपाक लागतो, पाणी लागते, मैला उचलावा लागतो. इथे इंग्रजांची गाठ जातीशी पडली. १८४०च्या दशकात सर्वांचा स्वयंपाक एकत्र करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा बिहारच्या तुरुंगांत कैद्यांनी बंड केले. १८५५ साली आरा आणि मुझफ्फरपूर येथे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी दिली, तर पुन्हा दंगा. मुझफ्फरपूरला तर शहरातले लोकही कैद्यांच्या बाजूने जमले. सरकारला माघार घ्यावी लागली. तुरुंग शांत ठेवायचा असेल तर सवर्ण कैद्याच्या सोवळ्याला हात लावायचा नाही, हा धडा साहेबाने तिथे घेतला. खुनाच्या गुन्ह्यात आलेला माणूससुद्धा विटाळापासून सुरक्षित राहिला! आणि त्याच्या सोवळ्याची किंमत दुसऱ्या कैद्याने मोजली.

ही वाटणी इंग्रजांबरोबर गेली असे कोणी समजू नये. राजस्थानच्या १९५१च्या तुरुंग नियमांत स्वयंपाकासाठी ब्राह्मण किंवा पुरेशा उच्च जातीचा हिंदू कैदी हवा होता आणि संडासासाठी मेहतर. पश्चिम बंगालच्या १९६७च्या नियमांत सफाईवाले मेहतर किंवा हाडी जातीतून निवडायचे होते. उत्तर प्रदेशची नियमावली तर अगदी अलीकडची, २०२२ची. साधी कैद झालेल्याला हलके काम सांगू नये, मात्र तो अशा कामाची ‘सवय’ असलेल्या समाजातला असेल तर चालेल, असे ती सांगत होती. म्हणजे न्यायाधीशाने सक्तमजुरी दिलेली नसली तरी जन्माने ती दिलेली होतीच.

आता हिशेब पाहा. सतरंजी विकली की पैसा दिसतो. झाडू मारल्याने काहीच विकले जात नाही, म्हणून ते काम ‘तुरुंगसेवा’ ठरते आणि नफ्याच्या गोष्टीत येत नाही. पण पगारी सफाई कामगार नेमावा लागला नाही, ही बचत नफा नव्हे तर काय? आमच्या आज्या-पणज्यांना हा व्यवहार चांगला ठाऊक होता. महार वतनात सरकारने गावकीची, सांगकामाची राबणूक घेतली आणि मोबदला गावाच्या मर्जीवर सोडला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यामागे हाच प्रश्न होता की काम सरकारचे असेल तर दाम सरकारने का देऊ नये? पुढे घटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारी बंद केली.

तुरुंगाच्या दारापाशी मात्र हे कलम फार उशिरा पोचले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या खटल्यात सांगितले की सक्तमजुरीत काम घेणे गैर नाही, पण न्याय्य मजुरी दिलीच पाहिजे. अन्न-कपड्याचा खर्च त्यातून वजा करायची मुभाही दिली. काम कोणाला कोणते मिळते, याचा निकाल लागायला आणखी २६ वर्षे गेली. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने जातीवरून काम वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले, राज्यांना नियमावली बदलायला तीन महिने दिले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले.

निकाल स्वागतार्ह आहेच. पण रकाना गेला म्हणून बराकीतल्या मुकादमाला आडनाव वाचता येत नाही असे नाही. देशातल्या कैद्यांत सुमारे पाचात एक अनुसूचित जातीचा आहे आणि २०२२च्या सरकारी आकडेवारीनुसार शंभरातले पंचाहत्तर कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांच्यावर गुन्हा सिद्धच झालेला नाही. म्हणून माहितीच्या अधिकारात आपल्या जिल्ह्याच्या कारागृहाला विचारायचे प्रश्न साधे आहेत. सफाईसाठी पगारी पदे किती मंजूर आणि किती भरलेली? सफाईचे काम करणाऱ्या कैद्याला रोजची मजुरी किती, आणि छापखान्यातल्याला किती? भटारखान्यातली आणि संडासातली पाळी बदलते की वर्षानुवर्षे तीच माणसे तिथे असतात?