नाताळची सुटी आणि मावळचा मुलूख

‘नाताळ’ हा शब्द आपल्या भाषेत इंग्रजांनी आणला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. इंग्रज या सणास जे नाव देतात त्याच्याशी आपल्या शब्दाचे काहीच साम्य नाही. शब्द पोर्तुगीजांचा आहे आणि त्याचा अर्थ जन्मदिवस, एवढाच. गोव्यात १५१० पासून व वसईस १५३४ पासून त्यांचा अंमल बसला. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा हा सण त्या किनाऱ्यावर दोनशे वर्षे साजरा होत आलेला होता. म्हणजे सणाचे नाव आपणांस एका सत्तेने दिले आणि त्या नावाची सुटी दुसरीने. प्रस्तुत लेखाचा विषय सण नव्हे, सुटी आहे. ज्या घरात येशूच्या जन्माचा कसलाही विधी होत नाही, त्या घरातील मुलेही डिसेंबर लागताच ‘नाताळात कोठे जायचे?’ असे विचारू लागतात, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. ती कशी घडली याचा माग काढू लागले, तर पुण्या-मुंबईच्या मधल्या मावळात, तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या पेठेपर्यंत जावे लागते.

खुद्द इंग्लंडातही ही सुटी वाटते तितकी पुरातन नाही. १६४७ मध्ये, म्हणजे शिवाजीमहाराज मावळात आपला जम बसवीत होते त्याच सुमारास, तेथील प्युरिटन पार्लमेंटाने नाताळचा सणच रद्द ठरविला होता. १६६० मध्ये राजा परत आला, तेव्हा सणही परत आला. परंतु घरातल्या शेकोटीभोवतीचा, मुलाबाळांचा जो नाताळ आपण इंग्रजी पुस्तकांतून ओळखतो, तो बव्हंशी एकोणिसाव्या शतकाने घडविला. डिकन्सची ‘ख्रिसमस कॅरोल’ १८४३ ची. राणी व्हिक्टोरिया, तिचा जर्मन पती आल्बर्ट आणि त्यांची मुले शृंगारलेल्या झाडाभोवती उभी आहेत, असे चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात १८४८ मध्ये निघाले, आणि ते जर्मन झाड तेथील मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत रुजू लागले. दुसऱ्या दिवशीची, २६ डिसेंबरची, सुटी तर १८७१ च्या कायद्याने पक्की झाली. हा सारा थाट घरात बसण्याचा. लंडनला त्या दिवशी सूर्य चाराच्या आत मावळतो, आणि भुयारी रेल्वे आजही २५ डिसेंबरला बंद असते. अलीकडे मुलांना घेऊन युरोपातील नाताळ पाहावयास गेलेल्या मराठी कुटुंबांस आदल्या दिवसापर्यंतची रोषणाई व बाजार पाहून ऐन सणाच्या दिवशी मिटलेली दारे पाहावी लागतात, याचे कारण हेच.

आपल्याकडे याच्या नेमके उलट झाले. साहेबाच्या सणासाठी कचेऱ्या, न्यायालये व शाळा बंद राहू लागल्या. सण त्याच्या बंगल्यात राहिला आणि मोकळे दिवस कारकुनाच्या, वकिलाच्या व मास्तरांच्या पदरात पडले. या दिवसांचे करावे काय, याचे पहिले मोठे उत्तर राजकारणी मंडळींनी दिले. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईस भरले. ते भरावयाचे होते पुण्यास, पण तेथे पटकीची साथ असल्यामुळे ऐन वेळी मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलविण्यात आले. ७२ प्रतिनिधी आले होते. नाताळचाच आठवडा निवडण्यात काही गूढ नव्हते. प्रतिनिधींत वकील पुष्कळ, आणि वकिलास सवड त्याच आठवड्यात. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे राष्ट्रीय सभा बहुतेक याच दिवसांत भरत राहिली. १८८९ च्या मुंबईच्या अधिवेशनात पंडिता रमाबाईंसह काही स्त्रियाही प्रतिनिधी म्हणून बसल्या. १८९५ मध्ये पुण्यास अधिवेशन भरले, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांची सामाजिक परिषद त्याच मांडवात भरवावी की नाही यावरून केवढे रण माजले, हे वाचकांस ठाऊक आहेच. सत्ताधीशांच्या सणाची सुटी घेऊन सत्ताधीशांविरुद्धच ठराव करावयाचे, यातला विनोद त्या पिढीच्या लक्षात आला नसेल असे वाटत नाही.

परंतु सभांना जाणारे थोडे, आणि बहुतेक पुरुष. बाकीच्या घरांनी या सुटीचे काय केले हा प्रश्न इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. आपले गणपती, नवरात्र, दिवाळी हे सण आनंदाचे खरे. पण घरातील स्त्रीस ते विश्रांतीचे कधीच नव्हते. सोवळे, नैवेद्य, फराळ, पाहुणे, कुळाचार यांत तिचे काम दुप्पट होई. मे महिन्याची सुटी लांबलचक, पण ती आजोळी किंवा कोकणात गावी जाण्याची ठरलेली. नाताळ तेवढा असा निघाला की ज्यास आपल्या घरात ना देव, ना नैवेद्य, ना सोयरसुतक. चूल बंद ठेवली तरी कोणाचा कोप व्हावयाचा नाही! डबा बांधावा, मुलांना स्वेटर चढवावे आणि सगळ्यांनी मिळून बाहेर पडावे, हे आपल्या मध्यमवर्गास प्रथम याच सुटीत बिनबोभाट साधता आले. परक्याचा सण असल्यामुळेच त्यात ही सोय होती.

जावयाचे कोठे, हे रेल्वेने ठरविले. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. बोरघाट चढून मुंबई त्यास जोडली गेली ती २१ एप्रिल १८६३ रोजी. सुमारे पंधरा मैलांच्या त्या चढात पंचवीस बोगदे होते. गाडीतल्या मुलांनी ते मोजावे आणि प्रत्येक वेळी कोणाचा तरी आकडा चुकावा, ही मौज त्या दिवसापासूनची समजावयास हरकत नाही. बोगदे कोणी खणले हे मात्र मुलांस सहसा सांगण्यात येत नाही. काम भरात असताना चाळीस हजारांवर मजूर त्या घाटात राबत होते, आणि पटकीने, तापाने व अपघाताने हजारो मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका चालवून काम तडीस नेले. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली.

लोणावळ्यास उतरणारे बहुतेक कार्ल्या-भाज्याची लेणी पाहत, लोहगडाकडे नजर टाकीत आणि चिक्की घेऊन परतत. तिकोणा त्या वाटेवर नाही. कामशेतहून पवनेच्या खोऱ्यात उतरावे, तेव्हा हा त्रिकोणी डोंगर दिसू लागतो. त्याचे दुसरे नाव वितंडगड. १६५७ च्या सुमारास तो शिवाजीमहाराजांकडे आला. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले त्यांत लोहगड, विसापूर व तुंग यांच्याबरोबर हाही होता. १६७० मध्ये तो परत मिळाला. १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. मुलांच्या पायांस तो झेपतो. फक्त शेवटच्या पायऱ्या इतक्या उभ्या व उंच आहेत की पाचसहा वर्षांच्या पोरास हात देऊन वर ओढावे लागते. वाटेत चपेटदान मारुती, चुन्याचा घाणा, जुने लेणे, पाण्याची टाकी आणि माथ्यावर महादेव, एवढी सामग्री एका सकाळीस पुरून उरते.

पायथ्याच्या गावाचे नाव तिकोणा पेठ. पेठ म्हणजे बाजार. ज्या किल्ल्यावर शिबंदी असे, त्यास धान्य, मीठ, तेल, वहाणा यांची रोजची गरज असे. ती भागविणारी वस्ती ती पेठ. १८१८ नंतर गड रिकामा झाला. गिऱ्हाईकच उठून गेल्यावर बाजाराने करावे काय? पेठ नावापुरती राहिली आणि गाव भाताच्या शेतीवर जगू लागले. गडास पुन्हा माणसांची वर्दळ आली ती सुटीच्या दिवशी येणाऱ्यांची. आणि पिठले-भाकरी, चहा, मुक्काम पुरविणारी घरे पेठेत पुन्हा उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत शेजारचा लोहगड आहे, तिकोणा नाही. त्यामुळे येथे अजून थोडी शांतता आहे, ही जमेची बाजू म्हणावयाची.

गडाच्या माथ्यावरून मुलांस सर्वांत आधी दिसते ते पाणी. मुंबईच्या सुखाशी मावळच्या पाण्याचा संबंध जुना आहे. टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला १९११ मध्ये लोणावळ्यास बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली. तेथल्या नाताळच्या दिव्यांत येथला पाऊस जळू लागला. पलीकडच्या मुळशीत याच कामासाठी शेते जाऊ लागली, तेव्हा १९२१ मध्ये सत्याग्रह झाला व सेनापती बापटांनी तुरुंगवास पत्करला, धरण झालेच. पवनेवरचे धरण स्वराज्यातले, १९७० नंतर पुरे झालेले. त्याचे पाणी पिंपरी-चिंचवडास जाते. ते बंद नळातून नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्ग अडविला, गोळीबार झाला, आणि तिघे मेले. त्यांत एक स्त्री होती. गो. नी. दांडेकरांची ‘पवनाकाठचा धोंडी’ ज्या खोऱ्यात घडते, त्यातली कित्येक शिवारे आज या जलाशयाखाली आहेत.

हल्ली वर्षअखेरच्या आठवड्यात त्याच पाण्याच्या काठी तंबूंच्या रांगा लागतात. शहरांतून कुटुंबे येतात, शेकोटी पेटते, मुले उशिरापर्यंत जागतात. तंबू ठोकणारे व भाकरी भाजणारे पुष्कळदा येथलेच, आणि कोणाकोणाचे जुने घर समोरच्या पाण्यात गेलेले. मुले तर विचारणारच, की पाण्याखाली काय आहे. एक उत्तर दाखविता येण्याजोगे आहे: वाघेश्वराचे जुने दगडी देऊळ. पण ते नाताळात दिसत नाही. त्या वेळी जलाशय भरलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत पाणी ओसरले म्हणजे ते उघडे पडते, आणि तेव्हा मुले आजोळी गेलेली असतात.