भौतिकशास्त्राचे गुणांकन, उच्च माध्यमिक (बारामती व इंदापूर तालुके)

इयत्ता अकरावी व बारावीच्या विज्ञान शाखेतील विद्यार्थ्याने भौतिकशास्त्रात संपादिलेल्या ज्ञानाचे, आकडेमोडीच्या सामर्थ्याचे व प्रयोगकौशल्याचे मोजमाप करून ते गुण, श्रेणी अथवा पर्सेंटाइल यांच्या रूपाने नमूद करण्याची पद्धती. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर हे तालुके महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या पुणे विभागीय मंडळाच्या अखत्यारीत येतात. पुणे, सोलापूर व अहिल्यानगर हे तीन जिल्हे या विभागात मोडतात. येथील विद्यार्थ्याच्या भौतिकशास्त्राचे मोजमाप तीन निरनिराळ्या अंतरांवरून होते. प्रात्यक्षिकाचे गुण त्याला समोरासमोर पाहणारा परीक्षक देतो, लेखी परीक्षेचे गुण त्याचे नावही ठाऊक नसलेला परीक्षक देतो, आणि व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशासाठीचे गुण संगणक देतो. या तीन मापांचे परस्परसंबंध ध्यानात घेतल्यावाचून गुणपत्रिकेवरील आकड्याचा अर्थ लागत नाही.

इतिहास : राज्य मंडळ १९६५ च्या कायद्यान्वये १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. त्या काळी शालान्त परीक्षा अकरावीच्या अखेरीस होई, आणि त्यापुढील भौतिकशास्त्राचे अध्यापन व परीक्षण विद्यापीठाकडे असल्यामुळे ते महाविद्यालयाच्या वर्गांतच शिकावे लागे. बारामतीत अनेकान्त एज्युकेशन सोसायटीने १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय स्थापन करीपर्यंत या परिसरातील विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी पुण्याची वाट धरावी लागत असे. पुढे दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध राज्यात अंमलात आला. दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली व बारावीची पहिली परीक्षा १९७७ साली झाली, आणि अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र विद्यापीठाच्या दप्तरातून मंडळाच्या दप्तरात गेले. आज हे वर्ग वरिष्ठ महाविद्यालयांना जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांतून, तसेच मोठ्या गावांतील विद्यालयांच्या उच्च माध्यमिक विभागांतून चालतात. १९७२ साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानने बारामतीत व अन्य संस्थांनी सोमेश्वरनगर, वालचंदनगर, इंदापूर अशा ठिकाणी शिक्षणाची सोय केल्यामुळे साखर कारखान्यांच्या परिसरातील मुलामुलींना या शिक्षणासाठी गाव सोडण्याची निकड पूर्वीइतकी राहिलेली नाही.

अकरावीचे मूल्यमापन : अकरावीची परीक्षा सर्वस्वी कनिष्ठ महाविद्यालयाच्या हाती असते. प्रत्येकी २५ गुणांच्या दोन घटक चाचण्या, ५० गुणांची प्रथम सत्र परीक्षा आणि लेखी ७० व प्रात्यक्षिक ३० अशी १०० गुणांची वार्षिक परीक्षा यांची २०० ही बेरीज १०० वर आणली जाते. या गुणांची नोंद बारावीच्या गुणपत्रिकेत होत नाही. बारावीतील घटक चाचण्या व सराव परीक्षा, जिला विद्यार्थी ‘प्रिलिम’ म्हणतात, यांचेही गुण अंतिम निकालात धरले जात नाहीत. त्यांचा उपयोग तयारी अजमावण्यापुरताच होतो.

लेखी परीक्षा : बारावीचा भौतिकशास्त्राचा पेपर ७० गुणांचा व तीन तासांचा असतो. २०२०-२१ पासून लागू झालेल्या पाठ्यपुस्तकात घूर्णन गतिकीपासून अर्धसंवाहक साधनांपर्यंत १६ प्रकरणे आहेत. प्रश्नपत्रिकेचे चार विभाग असून ‘अ’ विभागात प्रत्येकी एक गुणाचे १० बहुपर्यायी व ८ अतिलघुत्तरी प्रश्न सोडवावे लागतात. ‘ब’ विभागात दोन गुणांच्या १२ प्रश्नांपैकी ८, ‘क’ विभागात तीन गुणांच्या १२ पैकी ८ आणि ‘ड’ विभागात चार गुणांच्या ५ पैकी ३ प्रश्नांची निवड विद्यार्थ्याकडे असते. अशा रीतीने ९८ गुणांच्या प्रश्नांतून ७० गुणांची उत्तरे लिहावयाची असल्याने, एखाददुसरे प्रकरण कच्चे राहिलेल्या विद्यार्थ्यासही पूर्ण पेपर सोडविण्याची संधी राहते; मात्र ‘अ’ विभागात पर्याय नाही, आणि बहुपर्यायी प्रश्नाचे पहिले उत्तर तेवढेच ग्राह्य धरले जाते.

गणनयंत्राचा वापर निषिद्ध असून लॉगॅरिथमच्या कोष्टकाची मुभा आहे. त्यामुळे या परीक्षेत भौतिकशास्त्राच्या जाणकारीबरोबर कोष्टक वाचण्याचा सरावही तपासला जातो, आणि वेळेचा मोठा भाग त्यातच खर्ची पडतो. गणिती उदाहरणाचे गुण टप्प्याटप्प्याने दिले जातात : सूत्र, किमतींची मांडणी, आकडेमोड आणि एककासह अंतिम उत्तर. सूत्र अचूक लिहून लॉगच्या वजाबाकीत चुकलेल्या विद्यार्थ्याच्या पदरी काही गुण पडतातच, तर केवळ अंतिम उत्तर लिहिणाऱ्यास पूर्ण गुणांवर हक्क सांगता येत नाही. हाच नियम सिद्धतांना लागू असून, नामनिर्देशित आकृती हा उत्तराचा स्वतंत्र भाग मानला जातो. विज्ञान शाखेचे पाठ्यपुस्तक व अध्यापन इंग्रजीत असल्याने, गावच्या शाळेत दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याची ‘कारण द्या’ प्रकारच्या प्रश्नांत अडचण होते. याउलट गणिती उदाहरणात भाषेचा अडसर कमी असल्याने अनेकांचा भर तिकडे असतो.

प्रात्यक्षिक परीक्षा : उरलेले ३० गुण प्रयोगशाळेत मिळतात. सोनोमीटर, रेझोनन्स ट्यूब, मीटर ब्रिज, पोटेन्शिओमीटर, केशनळीतील द्रवाची चढण, डायोडचा आलेख असे प्रयोग वर्षभर करून त्यांची निरीक्षणे जर्नलमध्ये लिहावयाची व त्यावर शिक्षकांची सही घ्यावयाची असा शिरस्ता आहे. परीक्षेत प्रत्यक्ष प्रयोग, त्यातील निरीक्षणांची अचूकता, आकडेमोड, जर्नल व तोंडी प्रश्न या साऱ्यांचा विचार होतो. परीक्षा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कनिष्ठ महाविद्यालयात, लेखी परीक्षेच्या आधी होते. अंतर्गत परीक्षकासमवेत दुसऱ्या संस्थेतील बहिःस्थ परीक्षक असतो. मीटर ब्रिजवर शून्य विक्षेपाचा बिंदू शोधताना विद्यार्थ्याचा हात चाचरतो की नाही, ‘रीडिंग’ त्याने स्वतः घेतले की शेजाऱ्याचे उतरविले, हे जाणण्याची संधी अवघ्या परीक्षापद्धतीत येथेच काय ती असते. तथापि परीक्षक व विद्यार्थी यांच्यातील हेच सान्निध्य गुणदानात उदारता आणते असा आक्षेप आहे, व तो सर्वथा निराधार नाही. सर्वांनाच २७ ते ३० च्या घरात गुण मिळू लागले म्हणजे त्या गुणांवरून कुशल व अकुशल यांचा भेद करता येत नाही.

उत्तीर्णतेसाठी लेखी व प्रात्यक्षिक मिळून १०० पैकी ३५ गुण पुरतात. याचा हिशेब उघड आहे : प्रात्यक्षिकात २८ गुण मिळालेल्या विद्यार्थ्यास लेखी परीक्षेत ७० पैकी ७ गुण मिळाले तरी तो विषयात उत्तीर्ण ठरतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीत लेखी-प्रात्यक्षिकाची वाटणी ७० व ३० अशीच असली, तरी तेथे दोहोंत स्वतंत्रपणे ३३ टक्के गुण मिळवावे लागतात.

तपासणी व निकाल : उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याने नाव लिहावयाचे नसते; बैठक क्रमांक हीच त्याची ओळख. परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परिरक्षकामार्फत विभागीय मंडळाकडे व तेथून परीक्षकांकडे जातात. मुख्य नियामकांच्या सभेत आदर्श उत्तरांचा व गुणविभागणीचा तपशील निश्चित होतो, परीक्षक त्यानुसार तपासणी करतात, आणि नियामक त्यांतील काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहून गुणदानातील सैलपणा वा कडकपणा आवरतात. एकूण निकालात ७५ टक्के व त्याहून अधिक गुणांस विशेष प्रावीण्य, ६० टक्क्यांस प्रथम श्रेणी, ४५ टक्क्यांस द्वितीय श्रेणी आणि ३५ टक्क्यांस उत्तीर्ण असे वर्ग आहेत.

निकालाविषयी साशंक असणाऱ्यास गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. तीत बेरीज बिनचूक आहे की नाही व एखादे उत्तर तपासावयाचे राहिले आहे की काय एवढेच पाहिले जाते. उत्तराची योग्यताच नव्याने ठरवून घ्यावयाची असल्यास प्रथम उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळवून मग विहित मुदतीत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. प्रात्यक्षिकाच्या गुणांस ही दाद नाही, कारण पुन्हा तपासण्याजोगा कागद तेथे क्वचितच उरतो. अनुत्तीर्णांसाठी पुरवणी परीक्षा व अधिक गुण इच्छिणाऱ्यांसाठी श्रेणीसुधार योजना उपलब्ध आहे.

अपवादात्मक वर्षे : २०२१ साली कोविडच्या साथीमुळे बारावीची परीक्षा रद्द झाली, आणि दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के व बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के असा भारांश लावून निकाल ३ ऑगस्ट रोजी जाहीर करण्यात आला. एरवी विस्मृतीत जाणारे अकरावीचे गुण त्या वर्षी निर्णायक ठरले. २०२२ साली अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करून, ७० गुणांच्या पेपरास अर्धा तास अधिक देऊन, शाळा तेथे परीक्षा केंद्र या तत्त्वावर परीक्षा घेण्यात आली.

प्रवेश परीक्षांचे माप : अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्राचे प्रत्येकी एक गुणाचे ५० प्रश्न असतात, अदमासे २० टक्के भाग अकरावीचा व ८० टक्के बारावीचा असतो आणि चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने गुणांऐवजी पर्सेंटाइल, म्हणजे आपल्या सत्रातील किती टक्के परीक्षार्थी आपल्या बरोबरीने वा मागे राहिले तो आकडा, गुणवत्ता यादीसाठी धरतात. वैद्यकीय शाखेच्या नीट परीक्षेत भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न व १८० गुण असून प्रत्येक चुकीस एक गुण वजा होतो. या परीक्षांत टप्प्यांना गुण नाहीत. सूत्र आठवून शेवटच्या वजाबाकीत चुकलेला व सूत्रच न आठवलेला असे दोघेही यंत्रापुढे समान ठरतात. २०१४ व २०१५ या दोन वर्षी राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशात बारावीच्या गुणांना जेईई मुख्य परीक्षेच्या बरोबरीने निम्मा भारांश होता. २०१६ पासून सीईटी परतली आणि बारावीचे गुण पुन्हा पात्रतेपुरते उरले.

अन्यत्र : अमेरिकेतील ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेत भौतिकशास्त्राचा निकाल ५ ते १ या अंकांत दिला जातो, आणि तेथे सूत्रांचा तक्ता पुरवून गणनयंत्रास मुभा दिलेली आहे. पाठांतर व आकडेमोड यांचा भार हलका करून युक्तिवादावर भर देण्याचा तो मार्ग आहे. आपल्याकडे तोच भार परीक्षेचा अंगभूत भाग मानला गेला.

समालोचन : बारामती वा इंदापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यास बारावीच्या संबंधित विषयांत एकत्रित ४५ टक्के, तर राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यास ४० टक्के गुण असले की पुढील क्रम सीईटी ठरविते. परिणामी विद्यार्थ्याचा वेळ वर्गातून खासगी शिकवणीकडे व प्रयोगशाळेतून बहुपर्यायी सरावाकडे वळतो, आणि जर्नल परीक्षेच्या तोंडावर घाईने पूर्ण होते. याचा दोष केवळ विद्यार्थ्यावर ढकलता येणार नाही. ज्या मापाने प्रवेश ठरत नाही त्या मापासाठी कोणी फारसे झटत नाही. प्रयोगशाळेतील ते ३० गुण गुणवत्ता यादीत खऱ्या अर्थाने मोजले जाण्याची शक्यता सामान्यतः बी.एस्सी.च्या प्रवेशात, बारावीच्या एकूण गुणांवर यादी लागते तेथे, उरते. भौतिकशास्त्र सोडून अन्यत्र जाणाऱ्यांची निवड अशा प्रकारे प्रयोगावाचून होते, आणि प्रयोगाची किंमत बव्हंशी त्यांच्यापुरती राहते, जे तो विषय पुढे शिकणार आहेत.