भाड्याच्या घरातील ओल व बुरशीची जबाबदारी

भाड्याच्या घरात ओल येऊन भिंतींना बुरशी धरल्यास तिचे मूळ कारण दूर करण्याचा खर्च घरमालकाने सोसावा की भाडेकरूने, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रामुख्याने तीन कायदे आणि उभयतांतील करार यांच्या आधारे सोडवला जातो. हे कायदे म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ आणि भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२. त्यांत बुरशीसाठी स्वतंत्र तरतूद नाही. कायद्याच्या दृष्टीने तो ‘दुरुस्ती’चा किंवा ‘दोषा’चा विषय असतो. त्यामुळे पाणी कोठून आले आणि घर कोणत्या स्वरूपाच्या करारावर दिले आहे, या दोन गोष्टी निर्णायक ठरतात.

पार्श्वभूमी

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवरील धरणालगत वसलेले खडकवासला हे गाव जून २०२१ मध्ये अन्य गावांबरोबर पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. सह्याद्रीच्या बाजूला असल्याने या पट्ट्यात पावसाळ्याचा जोर शहराच्या पूर्व भागापेक्षा अधिक असतो. जुलै-ऑगस्टमध्ये खिडक्या दिवसेंदिवस बंद राहतात, हवा दमट असते आणि कपडे घरातच वाळत घालावे लागतात. गावठाणातील जुनी घरे, मालक खाली व भाडेकरू वर अशी स्वतंत्र बांधकामे आणि अलीकडच्या सदनिका अशी तिन्ही प्रकारची घरे येथे भाड्याने दिली जातात. प्रत्येक प्रकारात ओलीचे कारण व जबाबदार व्यक्ती वेगळी असू शकते.

बुरशी हा केवळ भिंतीच्या शोभेचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून, अशा घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी व दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असे त्यांत नमूद केले आहे.

ओलीचे मूळ

बाहेरील भिंतीच्या तड्यांतून किंवा गच्चीतून झिरपणाऱ्या पाण्याचे डाग पावसाबरोबर वाढतात व हिवाळ्यात सुकतात. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची गळती मात्र बाराही महिने टिकते. जोत्यातून वर चढणाऱ्या ओलीमुळे भिंतीच्या तळाशी लोणा लागतो व गिलाव्याचे पोपडे सुटतात. हे दोष सामान्यतः बांधकामाचे किंवा नळकामाचे असल्याने ते भाडेकरूच्या माथी मारता येत नाहीत. याउलट कपाटामागे किंवा खोलीच्या कोपऱ्यात गळतीशिवाय येणारी काळी बुरशी बहुधा कोंदट हवेमुळे येते. तेथे भाडेकरूच्या वापराचा प्रश्न उपस्थित होतो. परंतु खोलीला पुरेशी खिडकीच नसेल, तर हा आक्षेप फारसा टिकणारा नाही.

घरमालकाचे कर्तव्य

भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ नुसार, भाडेकरूने विरुद्ध करार केलेला नसल्यास, जागा चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्यास घरमालक बांधील असतो. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक करता येत नाही. मासिक भाडे १०,००० रुपये असल्यास वार्षिक भाडे १,२०,००० रुपये व वजावटीची कमाल मर्यादा ३०,००० रुपये होते. नोटिशीची पोच व खर्चाच्या पावत्या नसल्यास हीच वजावट भाड्याची थकबाकी म्हणून पुढे केली जाण्याचा धोका असतो.

हा अधिनियम राज्यातील प्रत्येक गावाला सरसकट लागू नाही. तो अनुसूचीत नमूद केलेल्या किंवा नंतर अधिसूचित झालेल्या क्षेत्रांना लागू होतो. महानगरपालिकेत नव्याने आलेल्या गावांतील रहिवाशांनी याची आधी खात्री करणे इष्ट. जेथे तो लागू नाही, तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०८ महत्त्वाचे ठरते. भाडेकरूला साधारण काळजी घेऊनही दिसू शकला नसता असा, स्वतःस ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष उघड करण्यास मालक या कलमाने बांधील आहे. उन्हाळ्यात ताजा रंग देऊन झाकलेली गळकी भिंत हे त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणता येईल. दुरुस्तीबाबत मात्र हे कलम तोकडे आहे: मालकाने करारान्वये पत्करलेली दुरुस्ती टाळली, तरच भाडेकरू ती करून खर्च व्याजासह वळता करू शकतो.

लिव्ह अँड लायसन्स करार

प्रत्यक्षात आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या किंवा त्याहून अधिक मुदतीच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात. कलम १४ मधील हक्क ‘भाडेकरू’ला आहे, लायसन्सधारक हा कायद्याच्या परिभाषेत भाडेकरू नव्हे. बोलीभाषेत दोघांनाही भाडेकरूच म्हटले जात असल्याने हा भेद अनेकांच्या लक्षात येत नाही आणि वजावटीचा अधिकार आपणास आहेच, असे गृहीत धरले जाते.

लायसन्सधारकास सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ५७ काहीसे संरक्षण देते. व्यक्तीस किंवा तिच्या मालमत्तेस धोकादायक ठरण्याजोगा, मालकास माहीत असलेला व लायसन्सधारकास माहीत नसलेला दोष मालकाने सांगितला पाहिजे. दुरुस्तीचे सर्वसाधारण कर्तव्य मात्र त्यात नाही. ते करारातूनच यावे लागते. छापील मसुद्यांत ‘नेहमीची झीज वगळता जागा होती त्या स्थितीत परत करावी’ एवढेच वाक्य असते व पाझराचा उल्लेख नसतो. परिणामी ओलीने खराब झालेल्या भिंतीच्या रंगाचा खर्च घर सोडताना अनामत रकमेतून कापला जातो. गळती, गच्चीचे जलरोधन व नळकाम मालकाकडे राहील, असे स्पष्ट कलम घालणे आणि प्रवेशाच्या दिवशीच भिंतींची दिनांकित छायाचित्रे घेणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

गृहनिर्माण संस्था व विकासक

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक जलवाहिन्या व सांडपाण्याच्या नळ्यांची गळती संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करावयाची असते. सदनिकेच्या आतील अन्य दुरुस्त्या सभासदाकडे येतात. संस्थेचा सभासद मालक असतो, भाडेकरू नव्हे. म्हणून तक्रार मालकामार्फत होणे योग्य. नव्या इमारतीत स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामाचा दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. हा हक्कही खरेदीदाराचा आहे. पाच वर्षे संपत आली असताना भाडेकरूने ओल वेळीच कळवली, तर त्यात मालकाचाच मोठा लाभ असतो.

भाडेकरूची जबाबदारी

स्वतःच्या कृतीने किंवा हयगयीने झालेला दोष, मालकाने नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत दूर करणे कलम १०८ अन्वये भाडेकरूवर बंधनकारक आहे. वाहता नळ तसाच ठेवणे किंवा हवा खेळण्याची जाळी बुजवणे ही त्याची उदाहरणे होत.

अन्य देश

इंग्लंडमधील रॉचडेल येथे बुरशीने भरलेल्या सामाजिक गृहनिर्माणाच्या घरात राहणाऱ्या अवाब इशाक या दोन वर्षांच्या बालकाचा डिसेंबर २०२० मध्ये मृत्यू झाला. त्यानंतर २०२३ च्या कायद्याने अशा घरांच्या मालक-संस्थांवर ठरावीक मुदतीत ओल व बुरशीची तपासणी व दुरुस्ती करण्याचे बंधन आले. ऑक्टोबर २०२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी व आवश्यक तेव्हा नळ बदलणे मालकाकडे, तर तोट्यांची दुरुस्ती व मोऱ्यांची सफाई भाडेकरूकडे दिली आहे. मात्र राज्याने स्वीकारल्यासच तो लागू होतो.

दाद

भाडे नियंत्रण अधिनियमाखालील मालक-भाडेकरू वाद पुण्यात लघुवाद न्यायालयापुढे चालतात. जेथे असे न्यायालय नाही, तेथे ते दिवाणी न्यायाधीशाकडे जातात.