जिन्याशेजारची खिडकी

वालूर गावाच्या परिसरात, किंबहुना सबंध मराठवाड्यात, जुन्या वाड्याची रस्त्याकडील भिंत जाड व बहुधा बंद असे. उजेडवारा यावयाचा तो आतल्या चौकातून. मुंबईच्या चाळीने ही रचना उलटी केली. खोल्यांपुढे सलग सज्जा, टोकाला लाकडी जिना आणि सज्ज्यावर उघडणारी प्रत्येक बिऱ्हाडाची खिडकी! जिन्याजवळच्या खोलीला आग लागली, की पलीकडच्या सर्वांना त्याच खिडकीसमोरून जावयाचे. साधी काच उष्णतेने लवकरच तडकते आणि ज्वाळा बाहेर पडून भिंतीच्या कडेने वर चढतात.

अशी खिडकी किती घातक ठरते, हे न्यूयॉर्क शहरी 25 मार्च 1911 रोजी दिसले. ट्रँगल शर्टवेस्ट कारखाना दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होता. बाहेरच्या अरुंद लोखंडी जिन्यावर खिडक्यांच्या लोखंडी झडपा उघडून वाट अडली. आगीने तापलेला तो जिना पळणाऱ्यांच्या भाराने कोसळला. त्या दिवशी एकंदर 146 जीव गेले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. कुलूप लावलेल्या दाराची हकीकत सर्वतोमुखी झाली. खिडक्यांची मात्र क्वचितच सांगितली जाते.

भारताची राष्ट्रीय बांधकाम संहिता प्रथम 1970 साली निघाली. तिच्या 2005च्या आवृत्तीत, बाहेरील जिन्यावर किंवा त्याच्या निकट कोणतीही खिडकी उघडू नये, असे स्पष्ट बजावले आहे. जुन्या इमारतीत खिडकी बुजविणे अशक्य असल्यास तारेची जाळी असलेली काच न उघडणाऱ्या चौकटीत बसविण्याची रीत आहे. ती तडकली तरी गळून पडत नाही. तथापि आगीची धग तिच्यातूनही बाहेर येतेच.